दिव्याचा रकाना नाही, काका

पनवेलमध्ये हवेचा विषय निघाला की सगळ्यांचं बोट तळोज्याकडे जातं. जायलाच पाहिजे. रोडपाली, नावडे, खारघर, कळंबोली इथले लोक रात्रीच्या वासाबद्दल वर्षानुवर्षं तक्रारी करताहेत. पण आज मला कारखान्यांच्या धुराड्याबद्दल नाही, गाडीच्या धुराड्याबद्दल लिहायचंय. त्यातही एका बोटभर सेन्सरबद्दल. पोस्ट मोठी आहे. ज्यांच्या घरात पिकअप, टेम्पो किंवा सीएनजी गाडी आहे, त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

आधी माझी ओळख, म्हणजे मी हे कुठल्या अधिकाराने लिहितोय ते कळेल. मी गॅरेजवाला नाही. तळोजा एमआयडीसीत इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये नोकरी केली, आता निवृत्त. बॉयलरच्या चिमणीत ऑक्सिजन मोजणारं यंत्र बसवलेलं असतं, ते तपासणं हे माझं रोजचं काम होतं. धुरात ऑक्सिजन जास्त उरला तर हवा जास्त जातेय, उष्णता वाया जातेय. कमी उरला तर इंधन अर्धवट जळतंय. या यंत्राच्या टोकाला झिर्कोनिया नावाची सिरॅमिक असते. तुमच्या गाडीच्या सायलेन्सरच्या पाइपात जो ऑक्सिजन सेन्सर बसवलेला असतो, त्याच्या टोकालाही बहुतेक वेळा हीच सिरॅमिक असते. चिमणी लहान, तत्त्व तेच.

माझा भाचा पिकअप चालवतो. पेट्रोल-सीएनजीवरची छोटी गाडी, बीएस-६. पहाटे तीनला वाशी मार्केट, तिथून भाजी भरून कामोठे, खांदा कॉलनी, पनवेल. दिवसाला ऐंशी-एक किलोमीटर. गाडीवर बँकेचा हप्ता आहे. पावसाळा संपता संपता डॅशबोर्डवर पिवळा चेक लाईट लागला आणि किलोला अठरा देणारी गाडी पंधरावर आली.

तो तीन ठिकाणी जाऊन आला. नावं सांगत नाही, कारण प्रश्न त्या तिघांचा नाही, सगळीकडे हेच चालतं.

पहिल्याने स्कॅनर लावला, कोड उडवला, पाचशे रुपये घेतले. दोन दिवसांनी दिवा परत. दुसऱ्याने स्कॅनर लावून सांगितलं, दोन्ही सेन्सर गेले, कॅटकॉनही गेला असणार, चाळीस हजार धरून चल. मल्टिमीटर हातात घेतला नाही. तिसरा सगळ्यात हुशार. म्हणाला, "जाळी काढून टाकतो, वायरिंगमध्ये जुगाड करतो, दिवा परत कधी लागणारच नाही. जाळीचे पैसे मी तुला देतो."

जाळी म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असे महागडे धातू असतात. इको गाड्यांचे सायलेन्सर चोरीला जातात अशा बातम्या तुम्ही वाचल्या असतील, त्या याच जाळीसाठी. तिसऱ्या माणसाला गाडी दुरुस्त करायची नव्हती, जाळी विकत घ्यायची होती.

त्या संध्याकाळी भाचा घरी आला. "मामा, तुम्ही बघा ना जरा. चाळीस हजार आणू कुठून?"

रविवारी बघितलं. काय काय बघितलं ते क्रमाने सांगतो, कारण यात कुठलीही जादू नाही. तुमच्या मेकॅनिकलाही तुम्ही हेच करायला सांगू शकता.

आधी कोड. ओबीडी पोर्ट स्टीअरिंगच्या खालच्या बाजूला असतो, सोळा पिनांचा. हजार-पंधराशेचा ब्लूटूथ रीडर आणि मोबाइल एवढ्यावर काम भागतं. कोड निघाला पी०१३५. याचा अर्थ, पुढच्या ऑक्सिजन सेन्सरच्या हीटरच्या सर्किटमध्ये बिघाड. नीट वाचा. कोड "सेन्सर बदला" म्हणत नाही. कोड "कॅटकॉन गेला" तर मुळीच म्हणत नाही, त्याचा कोड वेगळा, पी०४२०. कोड फक्त दुखतं कुठे ते सांगतो. फ्यूज उडालेला असू शकतो, उंदराने वायर कुरतडलेली असू शकते, कपलरमध्ये पाणी गेलेलं असू शकतं किंवा सेन्सरमधला हीटर खरंच जळालेला असू शकतो. चार शक्यता, आणि त्यांतल्या तिघांचा खर्च किरकोळ.

मग फ्यूज बघितला, चांगला होता. कपलर सोडवला. पिना स्वच्छ, हिरवट गंज नाही. या सेन्सरला चार वायरी येतात, दोन हीटरच्या आणि दोन सिग्नलच्या. हीटरच्या वायरी बहुतेक एकाच रंगाच्या असतात. सेन्सर गार असताना त्या दोन पिनांमध्ये मल्टिमीटर लावला. चांगल्या हीटरचा रोध काही ओहम येतो, साधारण दहाच्या आगेमागे. इथे काहीच येईना, सर्किट उघडं. आता दुसरी बाजू, म्हणजे गाडीकडून येणारा कपलर. इग्निशन चालू करून बघितलं, बारा व्होल्ट येत होते. म्हणजे गाडीची वायरिंग ठीक, वीज दारापर्यंत येतेय, घरातला बल्ब गेलाय.

इथे थांबलो नाही. इंजिन चालू करून मॅनिफोल्डच्या जोडावर कुठे फुसफुस आहे का ते बघितलं. सेन्सरच्या आधी पाइपाला भोक असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला ऑक्सिजन जास्त दिसतो आणि बिचारा खरं बोलूनही खोटा ठरतो. तसं काही नव्हतं. शेवटी मोबाइलवर सेन्सरचं व्होल्टेज बघितलं. गाडी चांगली गरम झाल्यावर ते ०.१ ते ०.९ मध्ये वरखाली नाचत होतं, म्हणजे सिरॅमिक जिवंत होती. दहा मिनिटं गाडी नुसती उभी ठेवली, तर नाच मंदावत मंदावत थांबला. (काही नव्या गाड्यांत पुढचा सेन्सर वेगळ्या जातीचा असतो, त्याचं व्होल्टेज असं नाचत नाही. ते बघूनच निष्कर्ष काढा.)

निदान झालं. पुढच्या सेन्सरचा हीटर जळालाय. मागचा सेन्सर ठीक. कॅटकॉनबद्दल एकही पुरावा नाही.

आता एवढ्याशा हीटरमुळे ॲव्हरेज का पडलं? झिर्कोनिया थंड असताना मुकी असते. तीनशे अंशांच्या वर तापली की तिच्यातून ऑक्सिजनचे आयन सरकायला लागतात. एका बाजूला बाहेरची हवा, दुसऱ्या बाजूला धूर. दोन्हीकडच्या ऑक्सिजनमध्ये जेवढा फरक, तसं व्होल्टेज. त्यावरून इंजिनचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीएम, क्षणाक्षणाला इंधन कमी-जास्त करतो. पेट्रोलच्या एका भागाला वजनाने १४.७ भाग हवा, सीएनजीला सतरापेक्षा थोडी जास्त, हे प्रमाण सांभाळलं तरच जाळी तिन्ही विषारी वायूंना एकत्र आवरते: कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं इंधन आणि नायट्रोजनचे ऑक्साइड. पहिल्या दोघांना ऑक्सिजन द्यायचा असतो, तिसऱ्याकडून काढून घ्यायचा असतो. प्रमाण जरा इकडेतिकडे झालं की एक काम होतं, दुसरं राहतं. बॉश कंपनीने असा सेन्सर १९७६ मध्ये व्होल्वोच्या गाड्यांत पहिल्यांदा दिला, तेव्हापासून जगभर ही जोडी चालू आहे.

हीटर गेला की सेन्सरला फक्त धुराच्या उष्णतेवर तापावं लागतं. हायवेवर पळताना तो तापतो. पण भाच्याची गाडी किती पळते? कळंबोली सर्कलला उभी, कामोठ्याच्या गल्लीत उभी, दर दुकानासमोर दहा मिनिटं उभी. सेन्सर थंड पडतो, ईसीएम आंधळा होतो आणि ठरावीक अंदाजाने इंधन सोडत राहतो. आंधळेपणी वाढताना हात जरा सढळच असतो.

आणि हीटर जळाला कशामुळे? ठामपणे सांगता येणार नाही, पण या सेन्सरचे नेहमीचे शत्रू ठाऊक आहेत: धक्के, जळणारं इंजिन ऑइल, चुकीचा सिलिकॉन सीलंट आणि लालबुंद गरम सिरॅमिकवर अचानक आलेलं पाणी. पावसाळ्यात कळंबोलीत पाणी भरतं आणि त्यातूनच भाजीच्या गाड्या काढाव्या लागतात, हे मी तुम्हाला सांगायला नको.

सेन्सर बदलायला अर्धा तास लागला. बॅटरीची निगेटिव्ह काढली. इंजिन कोमट असताना आट्यांवर गंज सोडवणारं तेल मारून थांबलो. बावीसचा पाना लागतो, वायरीसाठी खाच असलेला सॉकेट मिळाला तर उत्तम. नवा सेन्सर त्याच नंबरचा, बिलासकट घेतला, साडेचार हजारांच्या आसपास. आट्यांना ग्रीस कंपनीने लावूनच दिलेलं होतं, ते टोकाला लागू दिलं नाही. हाताने आटे बसवून मगच पाना लावला. वायर सायलेन्सरला टेकणार नाही अशी बांधली. कोड उडवला. यावेळी उडवण्याला अर्थ होता, कारण बिघाड उरला नव्हता. दिवा परत लागला नाही. आठवड्याभरात गाडी पुन्हा सतरा-अठरावर आली. दिवसाला सीएनजीचे सत्तर-एक रुपये वाचले. सेन्सरचे पैसे अडीच महिन्यांत वसूल.

इथपर्यंत घरगुती गोष्ट. आता सार्वजनिक.

सेन्सर बदलायच्या आधीच्याच आठवड्यात त्या गाडीची पीयूसी संपत होती. भाच्याबरोबर मी पण केंद्रावर गेलो होतो. डॅशबोर्डवर दिवा पेटलेला. मुलाने नंबरप्लेटचा फोटो काढला, नळी घातली, आकडे आले, सगळे मर्यादेत. गाडी पास. मी विचारलं, "अरे, चेक लाईट लागलाय, तो कुठे लिहिणार?" तो म्हणाला, "दिव्याचा रकाना नाही, काका."

मुलाचं काही चुकलं नाही. मशीनचंही नाही. गाडी वाशीहून धावत आलेली, सेन्सर धुराने तापलेला, त्या दोन मिनिटांत ती खरंच स्वच्छ होती. पेट्रोल गाडीच्या पीयूसीत कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात, नव्या गाड्यांत हवा-इंधनाचं प्रमाण दाखवणारा लॅम्डाचा आकडाही घेतात. नायट्रोजनचे ऑक्साइड मोजतच नाहीत. डिझेलला तर फक्त धुराचा काळेपणा बघतात. मग एखाद्याने डिझेल पिकअपचा धूर साफ करणारा फिल्टर काढून टाकला, नॉक्स सेन्सरला फसवणारं किट बसवलं, तर ते पकडणार कोण?

गंमत बघा. तळोज्यातल्या मोठ्या प्रदूषणकारी कारखान्यांना केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१४ मध्ये आदेश दिले की धुराड्यात सेन्सर बसवा आणि आकडे ऑनलाइन पाठवा. असे १७ प्रकारचे उद्योग त्यात होते. ती व्यवस्था किती नीट चालते यावर वेगळी पोस्ट होईल. पण तत्त्व मान्य झालं: वर्षातून एकदा येऊन बघण्यापेक्षा आतला साक्षीदार रोज बोलू दे. गाडीत तर हा साक्षीदार कंपनीतूनच बसवून येतो. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं, त्यानंतरच्या प्रत्येक चारचाकीत तो आहे. त्याचे पैसे आपण गाडीच्या किमतीत मोजलेत. तो रोज साक्ष देतो, पिवळा दिवा लावून ओरडतो. आणि आपण वर्षातून एकदा त्याच्या शेजारी उभं राहून दुसऱ्याच मशीनची नळी घालतो.

कॅलिफोर्नियात २००० सालच्या आणि त्यानंतरच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांची तपासणी याच पोर्टला वायर लावून होते. दिवा पेटलेला असेल तर गाडी नापास. कोड नुकताच उडवून आणला असेल तर तेही कळतं, कारण कोड उडवला की गाडीच्या आतल्या चाचण्यांची नोंदही पुसली जाते आणि ती परत भरायला काही दिवस गाडी चालवावी लागते. म्हणजे माझ्या भाच्याकडून पाचशे रुपये घेणारा पहिला माणूस तिथे चालला नसता.

आपल्याकडे चर्चा मोठ्या गोष्टींची होते. जानेवारी २०२५ मध्ये राज्य सरकारने मुंबई महानगर प्रदेशात पेट्रोल-डिझेल गाड्या बंद करून फक्त सीएनजी आणि विजेच्या गाड्या ठेवता येतील का, हे बघायला सात जणांची समिती नेमली. आपलं पनवेल या प्रदेशातच येतं. विषय चांगला आहे. पण हीटर जळालेली माझ्या भाच्याची गाडीही सीएनजीचीच होती. कागदावर स्वच्छ, पीयूसीत स्वच्छ, कळंबोली सर्कलला उभी असताना मात्र आंधळी. इंधन बदललं म्हणून देखभाल सुटत नाही.

दुसरी बाजूही लिहिली पाहिजे, नाहीतर ही पोस्ट गरीब ड्रायव्हरच्या विरोधात जाईल. पीयूसी नसेल तर दंड दहा हजारांपर्यंत जाऊ शकतो. उद्या दिव्यावरही असाच दंड लावला तर काय होईल? लोक सेन्सर बदलणार नाहीत, दिव्याची वायर कापतील. तिसऱ्या गॅरेजवाल्याचा धंदा दुप्पट होईल. म्हणून दंडाच्या आधी दुरुस्ती सोपी झाली पाहिजे. रस्त्यावरच्या मेकॅनिकला कंपनीची माहिती आणि अस्सल सुटे भाग मिळत नाहीत, ही जुनी तक्रार आहे. याच कारणावरून भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींहून जास्त दंड लावला होता. कंपन्या अपिलात गेल्या. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने 'राइट टू रिपेअर' पोर्टल काढलं, त्यात वाहनंही आहेत. पण वायरिंगचा नकाशा नसल्यामुळे अंदाजाने चाळीस हजार सांगणारा मेकॅनिक अजून आपल्या गल्लीत आहे. त्याला लबाड म्हणून मोकळं होणं सोपं आहे. त्याला कुणी शिकवलं का, हाही प्रश्न विचारू.

तर मागण्या तीन, आणि तिन्ही खर्चिक नाहीत.

एक. पीयूसी केंद्रावर ओबीडी रीडर ठेवा आणि दाखल्यावर दिव्याचा रकाना वाढवा. पहिल्या वेळी दंड नको, नापासही नको. कोड छापून हातात द्या आणि एक महिन्याची मुदत द्या. एवढ्यानेही निम्मी फसवणूक थांबेल, कारण मालकाला गॅरेजमध्ये जायच्या आधीच कळेल की काय बिघडलंय.

दोन. पनवेल आरटीओ आणि महापालिकेने मिळून वर्षातून दोनदा मालवाहू गाड्यांसाठी मोफत तपासणी शिबिर घ्यावं, एक पावसाळ्यानंतर नक्की. कळंबोलीला स्टील मार्केटजवळ जागा आहे आणि गाड्या तिथेच उभ्या असतात. २०१६ मध्ये महापालिका झाली, ती हवेसाठी काय करते हे विचारायला ही चांगली जागा आहे.

तीन. ही मागणी आपल्याकडूनच आपल्याकडे. गॅरेजमध्ये गेलात की तीन गोष्टी विचारा: कोड कुठला? हीटरचा रोध मोजला का? जुना पार्ट परत देणार का? जो या प्रश्नांवर चिडेल, त्याच्याकडून किल्ली परत घ्या. आणि जाळी कुणालाही काढू देऊ नका. तिच्या बदल्यात मिळणारे पैसे खांदा कॉलनीतल्या दमेकरी आजोबांच्या आणि शाळेच्या गेटवर उभ्या असलेल्या पोरांच्या छातीतून वसूल होतात.

पहिल्या मागणीचं निवेदन मी लिहून ठेवलंय, मराठीत, एका पानाचं. पिकअप-टेम्पोवाल्यांच्या सह्या मिळाल्या तर त्याला वजन येईल. येत्या रविवारी सकाळी आठ ते दहा मी मल्टिमीटर आणि रीडर घेऊन घरीच आहे. ओळखीच्यांनी गाडी घेऊन या, कोड फुकट वाचून देतो, सही तेवढी करून जा.